काजळखिंडीतली घंटी

एक विचारतो, खरे सांगा. अंधार पडला आहे, थंडी हाडांत शिरते आहे, आणि रस्त्याच्या कडेला कोणी हात केला. तुम्ही गाडी थांबवाल का?

बोलू नका. उत्तर मनात ठेवा. देव मनातलेच ऐकतो. शेकोटीत ते लाकूड सारा, आणि ऐका.

रंगराव घोलप वस्तीच्या गाडीवर ड्रायव्हर होता. वस्तीची गाडी म्हणजे दिवसाची शेवटची एसटी. काजळखिंडीचा घाट उतरून खाली खोलवडीला मुक्कामी जाणारी. बावीस वर्षे त्याने तो घाट उतरला. हात पक्का होता. नजर पक्की होती. जीभ तेवढी पक्की नव्हती. त्याचे पुढे कळेल.

नोकरीतून सुटल्यावर त्याने एक जुनी मोटार घेतली. पौषाच्या थंडीत बायको द्वारकाबाईला शेजारी बसवले, आणि दोघे जुन्या सोबत्यांच्या भेटीला निघाले. बेत द्वारकाबाईचा. ती म्हणाली, "माणसं आहेत तोवर तोंडं पाहून येऊ." चार गावे झाली, चार घरचे पाहुणचार झाले. शेवटी राहिले बाबालाल मुलाण्याचे घर. बाबालाल म्हणजे त्याच गाडीवरचा कंडक्टर. अठरा वर्षे दोघे एका डब्यात जेवले होते. त्याचे नाव निघाले की मात्र रंगराव म्हणे, "बघू पुढच्या खेपेला."

का म्हणे? तेही ऐका. अशाच एका पौषात, खिंडीच्या थांब्यावर, तापाने फणफणलेले लेकरू पदराखाली घेऊन एक बाई उभी होती. तिला खालच्या दवाखान्यात जायचे होते. तिने हात केला. गाडी थांबली नाही. सकाळी गुराख्यांना मायलेकरे सापडली, दगडाला टेकून बसलेली. गार.

चौकशी झाली. गाडीत घाटातल्या काजळाई देवीची तसबीर असे. तिच्यावर हात ठेवून रंगराव म्हणाला, "कंडक्टरने घंटी दिलीच नाही." देवीवर हात ठेवला, म्हणून लोकांनी मानले. बाबालालची नोकरी गेली. तो घाटाखाली आपल्या गावी जाऊन शेळ्या राखू लागला. द्वारकाबाईनेही नवऱ्याचेच खरे धरले. ती म्हणे, चुकला असेल बाबालाल. पण चुकलेल्या माणसाला टाकायचे नसते. म्हणून तिने या खेपेला हट्टच धरला.

घाटमाथ्यावर जुना सोबती दौलत मेस्त्री याच्या शेतात हुरडा खाता खाता दिवस बुडाला. मेस्त्री म्हणाला, "रंग्या, आज इथंच अंग टाक. उजाडल्यावर उतर."

"मला घाट शिकवतोस होय? डोळे मिटून उतरेन."

"मिटायचे कशाला? तुला आता उघडून तरी कुठं दिसतंय!" मेस्त्री हसला. मग हसू आवरून हलक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, दिवेलागण झाली की त्या खिंडीतून कोणी जात नाही. ऐका माझं."

रंगराव ऐकणारा नव्हता. द्वारकाबाईने हट्ट धरला होता ना? मग आत्ताच चल, असा त्याचा ताठा. निघाले!

घाटाच्या तोंडाशी काजळाईचे ठाणे आहे. तिथे प्रत्येक गाडी क्षणभर थांबते, ड्रायव्हर हात जोडतो. रंगरावाने त्या रात्री वेग कमी केला नाही. मान दुसरीकडे वळवली. द्वारकाबाईने एकटीनेच हात जोडले.

पहिले वळण गेले. धुके उतरू लागले. आणि मोटारीत, त्यांच्या डोक्यावर, आवाज झाला.

टण.

एकच. तुम्ही सर्वांनी ऐकलेली आहे ती. कंडक्टर दोरी ओढतो ती. एक घंटी म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. पण या चार आसनांच्या मोटारीत घंटी कुठली? दोरी कुठली?

द्वारकाबाईने नवऱ्याकडे पाहिले. त्याचा पाय ब्रेकवर गेला होता. गेला, आणि त्याने तो उचलून घेतला.

"अहो, घंटी वाजली."

"कसली घंटी? वाऱ्याचं काही असेल."

"मग पाय का गेला तुमचा?"

त्याने वेग वाढवला.

दुसरे वळण. दिव्यांच्या उजेडात थांब्याचा दगड आला. दगडापाशी बाई. डोक्यावरून पदर, एक हात पदराखाली, एक हात वर. रंगरावाने गाडी दामटली. बाई मागे पडली.

तिसरे वळण. पुन्हा तोच दगड! तीच बाई! तोच हात!

टण.

चौथे वळण. तोच दगड. बाई आता रस्त्याच्या मधोमध. गाडी तिच्यातून गेली, हो, तिच्यातून! आणि आत अशी थंडी भरली की काचा आतून पांढऱ्या झाल्या. मागच्या आसनावर लेकरू कण्हू लागले. बारीक. दमलेले. द्वारकाबाईने वळून पाहिले. आसन रिकामे होते.

"थांबवा," ती म्हणाली. "अहो, हात जोडते, थांबवा."

"थांबायचं नाही! या घाटात थांबायचं नाही!"

"त्या रात्रीही असंच म्हणालात का?"

ठाण्यापाशी वळवली तशीच त्याने मान वळवली. इतक्या वर्षांचे उत्तर तिला त्याच क्षणी मिळाले. घंटी वाजली होती. त्याने ऐकली होती. खाली मुक्कामावर रश्शाचे जेवण थांबले होते, एवढ्यासाठी त्याने गाडी हाकली होती.

आता ऐका, खरी करणी पुढे आहे.

पाचवे वळण तुटलेल्या कठड्याचे. पुढे रस्ता नाही, नुसती दरी. रंगरावाने वेग आवरला, हातातले चाक वळवू लागला. तेवढ्यात डोक्यावर वाजली.

टण टण!

दोन. चल! बावीस वर्षे ज्या पायाने दोन घंट्या ऐकल्या आणि गाडी पुढे काढली, तो पाय मालकाला विचारायला थांबतो का? पाय आपला आपण खाली गेला. मोटार उसळली. पुढचे एक चाक कठड्याबाहेर गेले. दगड सुटले, खाली पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

द्वारकाबाईने "आई काजळाई!" म्हणून हातब्रेक दोन्ही हातांनी वर खेचला. मोटार डुलली. डुलली, आणि टेकली.

रंगराव हातातल्या चाकाला चिकटला होता. "द्वारके, वाचव. खाली जाऊन बाबालालला खरं सांगतो. दहा माणसांत सांगतो. देवीची आण!"

ती दार उघडून धुक्यात उतरली. विचार करा, साठी उलटलेली बाई! तिने मागचे दार उघडले, आपली शाल आसनावर दुहेरी अंथरली, आणि अंधाराकडे तोंड करून म्हणाली, "या बाई. फार वेळ उभ्या राहिलात. लेकराला सांभाळून बसा."

वारा पडला. शालीवर खळगा उमटला, एक मोठा, शेजारी एक लहान.

तिने दार अलगद लावले. मग हातातली पाटली मोटारीच्या पत्र्यावर आपटली. एकदा. पुन्हा एकदा. चल.

ती आत बसली, हातब्रेक सोडला. मोटार मागे सरली, रस्त्याला लागली. पुढच्या वळणावर दगड नव्हता. खोलवडीच्या दवाखान्यापाशी मागचे दार आपोआप उघडले आणि आपोआप लागले. शाल आसनावर नव्हती. दव पडल्यासारखी ओल तेवढी होती.

बाबालालने रंगरावाला कवेत घेतले, दोघांना चुलीपाशी बसवले, गरम भाकरी वाढली. एका शब्दाने जुने काढले नाही. सकाळी रंगरावाला पाहायला सारी आळी अंगणात जमली. तेव्हा चहाची बशी पुढे करीत तो हळूच म्हणाला, "वस्ताद, एकच विचारतो. नोकरी गेली ते गेलं. पण माझी पोरं अजून लोकांचं ऐकतात, तुमच्या बापानं बाई मारली म्हणून. त्या रात्री मी घंटी दिली होती ना?"

द्वारकाबाई नवऱ्याकडे पाहत राहिली. ऊन पडले होते. कोंबड्या फिरत होत्या. आता कसली भीती?

रंगरावाने बशीत पाहिले. म्हणाला, "नाही बाबालाल. मी तर ऐकली नाही."

"मी ऐकली आहे!" द्वारकाबाई उभी राहिली. "काल रात्री ऐकली, त्यांच्या शेजारी बसून ऐकली. आणि त्यांचा पायही पाहिला. बाबालालभाऊ, तुम्ही निर्दोष आहात. ही सारी माणसं साक्षीला!" आणि तिने सगळे सांगितले.

रंगराव संतापून उठला. "चल घरी!" म्हणून त्याने अंगणाबाहेर एक पाऊल टाकले. आणि तो थांबला.

"ऐकलंत?" तो म्हणाला. "एक वाजली."

कोणी काही ऐकले नव्हते. त्याचे दुसरे पाऊल उचलले नाही.

म्हणून सांगतो, दिवेलागणीनंतर काजळखिंडीची वाट धरू नका. मायलेकरे गेली आपल्या वाटेने, पण त्या घाटाला खोटे कळते. आणि कुठल्याही वाटेवर कोणी हात केला, तर थांबा.

रंगराव त्यानंतर नऊ वर्षे जगला. उचलून निजवला तिथे निजला, बसवला तिथे बसला. ओठ तेवढे हलत, "दोन दे, बाबालाल. दोन दे." द्वारकाबाईने रोज त्याच्या उशाशी पाटली दोनदा वाजवली. बाबालाल घाट चढून आला, रडत रडत त्याने पितळी घंटा दोनदा वाजवली. साऱ्या घराने ऐकली. ती ऐकू आली नाही फक्त त्याला, आणि त्या एका घंटीवर थांबलेला तो माणूस मरेपर्यंत स्वतःच्या पायाने एक पाऊल चालला नाही.