अंगणातला टाकळा

अगं, आमच्या ह्यांचं ऐक! खडवलीच्या नव्या घराचं अंगण साफ करायला रविवारी सगळ्यांना जुंपलेलं. अंगणभर कोवळा टाकळा माजलेला. मी म्हटलं, "अहो, ही भाजी आहे."

"तुला काय कळतं? गवत आहे, उपट!"

मुली, सासूबाई, मी, कंबर मोडेस्तोवर उपटत होतो. हे फोटो काढत होते. शेजारच्या काकूंनी विचारलं, "मी नेऊ?" हे म्हणाले, "न्या, कचराच आहे."

संध्याकाळी स्टेशनबाहेर त्याच काकू भाजी घेऊन बसलेल्या. त्यांच्याकडे न बघताच ह्यांनी ऐटीत जुडी उचलली. "याला म्हणतात रानभाजी! ताजी आहे ना?"

"सकाळी तुमच्याच अंगणातनं नेली की, दादा!"

मला काय कळतं? मी पिशवी तेवढी उघडून धरली.