डोंगरवाल्यांचा चौथा दिवस

भावोजी : चार गाजरं, अर्धा कोबी आणि तळाला मऊ पडलेले टोमॅटो. भाजी म्हणून कोठीत बाकी काही नाही, वहिनी. कितीदाही विचारलंत तरी चाराची पाच गाजरं होणार नाहीत.

वहिनी : आणि अंडी?

भावोजी : अंडी आहेत. ब्रेडसाठी बेकरीवाल्याला आत्ताच फोन केला. तो हसला. म्हणाला, स्टेडियमच्या स्वयंपाकघराला पाचव्या दिवशी ब्रेड? कोण पाहुणे आलेत?

वहिनी : भाजी आणायचं काम कोणाचं?

भावोजी : माझं. किती आणायची ते सांगायचं काम तुमचं. तुम्हीच म्हणालात, डोंगरवाल्यांची टीम येतेय, तिसऱ्या दिवसाच्या चहापर्यंतची धरा, वर चिमूटभर.

वहिनी : म्हणाले. आजवर तसंच होत आलं. माझी लेक पाटी घेऊन शाळेत जायला लागली तेव्हापासून आपली टीम या मैदानावर हरली नाही, आणि लेक आता उद्या परदेशी जायला विमानात बसतेय. हरणं सोडा, सामना कधी बरोबरीतही सुटला नाही. मग मी भाजी कशाच्या भरवशावर जास्त आणायची?

भावोजी : तुमचा अंदाज कधी चुकत नाही, हे मी बाहेर छाती फुगवून सांगतो. शेजारच्या देशाचे आले की सामना साडेतीन दिवस.

वहिनी : शेजारचे वाघासारखे येतात. पहिल्या दिवशी ताटं चाटूनपुसून खातात, तिसऱ्या दिवशी एकमेकांना मीठसुद्धा मागत नाहीत.

भावोजी : थंडीवाले चार दिवस.

वहिनी : पुरते चार. ते हरतात तेही वेळापत्रक लावून. आणि शेवटच्या दिवशी मला शोधत आत येतात आभार मानायला. त्यांच्या आयांनी चांगलं वळण लावलंय.

भावोजी : बेटांवरचे मात्र तुम्हालाही कळले नाहीत.

वहिनी : त्यांचं कोणाला कळलंय? एक दिवस असे खेळतात की आपल्या पोरांना पाणी पाजतील, दुसऱ्या दिवशी आमटीला फोडणी देऊन होईपर्यंत सगळे बाद. पण हसणं थांबत नाही हो त्यांचं. हरून जेवायला बसतात तर वाटावं, यांच्याच घरी कार्य आहे. पण काही म्हणा, वाघ येवो नाहीतर हसरा येवो, पाचव्या दिवसाची चूल इथे कोणी पेटवली नाही.

भावोजी : अजूनही कोणी पेटवलेली नाही. नऊ गेलेत, वहिनी. एक चेंडू, एक विकेट, आणि तुमची गाडी फाटकाशी तयार आहे. रात्रीच्या जेवणाला लेकीकडे असाल.

वहिनी : चहाच्या सुट्टीलाही तुम्ही हेच म्हणालात.

भावोजी : तेव्हाही नऊच गेले होते. मला काय ठाऊक त्यांचा तो उंट टिकेल? शेवटी खेळायला येणारा माणूस, बॅट धरतो ती अंगण झाडायला धरावी तशी. पण त्याच्या जोडीला आहे त्या कासवाने त्याला काय सांगितलंय देव जाणे. येईल तो चेंडू नुसता पायाशी दाबून टाकतोय म्हणे.

वहिनी : कासव काल दुपारपासून आहे ना आत?

भावोजी : काल जेवणानंतर यांचा पहिला डाव आटोपला, आपल्या कप्तानाने लगेच पुन्हा खेळायला लावलं, तेव्हापासून. सलामीला आला तो अजून गेलेला नाही. या खिडकीतून तो मला दिसतही नाही. मला दिसतो फक्त आपला गोलंदाज, वादळ, पळत येताना आणि परत जाताना. चेंडू सुटला की मी त्याचे खांदे बघतो. खांदे पडले, म्हणजे कासव आहे.

वहिनी : आणि आता?

भावोजी : पडले.

वहिनी : दुपारी जेवायला तो माझ्या समोरच बसला होता. दोन्ही संघ एकाच खोलीत जेवतात, पण बोलत नाहीत फारसे, तुम्ही बघता ना. मी वाढायला गेले. जेवण नको म्हणाला, एक संत्रं घेतलं. आणि ते हातात धरून नुसता बसला. मला वाटलं, देवाचं नाव घेतोय. मग दिसलं, बोटं मिटत नव्हती त्याची. सुजून वांगी झाली होती.

भावोजी : वादळाचेच चेंडू ते. दोनदा हातावर लागले.

वहिनी : ऐका तर. समोरून वादळ उठला. मला वाटलं, आता काहीतरी टोचून बोलणार. मैदानावर तोंड चालतं ना त्याचं. तो आला, कासवाच्या हातातलं संत्रं काढून घेतलं, उभ्या उभ्या सोललं, बिया काढल्या, फोडी ताटलीत मांडल्या आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. हा मान खाली घालून एकेक फोड उचलत होता, मनगटांच्या चिमटीत धरून.

भावोजी : आणि जेवणानंतरच्या तिसऱ्या चेंडूला त्याच वादळाने त्याच्या बरगडीत हाणला. मी पाहिलं. म्हणजे, वादळ कपाळाला हात लावून उभा राहिलेला पाहिला.

वहिनी : तेच म्हणते मी. दोघांपैकी मोठा कोण, ते मला सांगता येत नाही. लहानपणापासून कीर्तनं ऐकली, तर वाटायचं देवाची गोष्ट म्हणजे जिंकणाऱ्याची. मूर्तीला सगळे हात जोडतात. पायरीवर पाय देऊन जातात. पण पायरी झिजते आणि हलत नाही, म्हणून मूर्तीपर्यंत पोचायला होतं. आपली टीम किती मोठी, हे एवढी वर्षं मला भाजीच्या हिशेबातून कळायचं. आज कळलं ते त्या पोराच्या बोटांवरून.

भावोजी : वहिनी, चूल बंद करा, तुमचं दूध वर येतंय.

वहिनी : केली. लेकीला फोन केला होता मी. चहाच्या वेळी.

भावोजी : काय म्हणाली?

वहिनी : मी म्हटलं, बाळा, कदाचित आज निघता येणार नाही. दोघी स्वयंपाकिणींना मी कालच सुट्टी देऊन बसले, उद्या सामना राहिला तर चाळीस माणसांच्या तोंडात घास घालणारी मीच एकटी. मला वाटलं, आता म्हणणार, तुझं नेहमीचंच. शाळेच्या प्रत्येक समारंभाला मी इथेच होते ना. तर तिने विचारलं, कोणाविरुद्ध आहे? म्हटलं, डोंगरवाल्यांविरुद्ध. मग म्हणाली, डोंगरवाले? चौथ्या दिवशी? याच ओट्याखाली बसून गृहपाठ करायची ती, तिला कळतं चौथा दिवस म्हणजे काय. रडत होती की विचार करत होती, आवाजावरून कळलं नाही. मीच ठेवला फोन.

भावोजी : वहिनी, कप्तान पंचांकडे गेलाय. अर्धा तास वाढवून मागतोय. एकच विकेट राहिली की मागता येतो. पंचांनी मान हलवली. बघा, देवाने तुमचं ऐकलं. एवढ्यात नक्की पडेल.

वहिनी : मी देवाला काय म्हटलं ते तुम्हाला कुठे माहितीय?

भावोजी : काय म्हटलंत?

वहिनी : मघाशी कपाटावरच्या देवापुढे हात जोडले. म्हणायचं होतं, देवा, एक विकेट दे, माझी लेक चाललीय. घरच्याच टीमसाठी मागणं, पापही नाही. तोंडातून निघालं, त्याच्या बोटांना जप.

भावोजी : म्हणजे तुम्ही स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारलीत, तीही देवाच्या साक्षीने. आता गप्प बसा, वादळ नवा चेंडू घेऊन निघालाय. एवढ्या लांबून तो कधी पळत नाही. आला. टाकला.

वहिनी : खांदे?

भावोजी : थांबा.

वहिनी : भावोजी, खांदे सांगा.

भावोजी : पडले. पुन्हा निघाला. पडले. वहिनी, मी आयुष्यभर आपल्या टीमसाठी घसा फोडला. आता हे चेंडू मोजतोय ते कोणासाठी, मला सांगता येत नाही. हे बाहेर कोणाला बोलू नका.

वहिनी : मी कोणाला सांगू? भांडी ऐकताहेत तेवढीच.

भावोजी : शेवटची ओव्हर. समोर उंट असावा, कारण कडेचे सगळे क्षेत्ररक्षक आत सरकून खिडकीआड गेलेत, सापळा लावायला. चार राहिले. तीन. दोन. काठावरचे लोक उभे राहिलेत. एक.

(बाहेर टाळ्या सुरू होतात. बराच वेळ थांबत नाहीत.)

वहिनी : कोणासाठी आहेत या?

भावोजी : पंचांनी बेल्स उचलल्या. संपला दिवस. नाबाद, दोघेही. आपली अख्खी टीम दोन रांगा करून उभी आहे, वहिनी. त्यांना आधी आत जाऊ देताहेत. वादळाने टोपी काढलीय.

वहिनी : सरका, मला बघू दे.

भावोजी : कासव या खिडकीतून दिसणार नाही तुम्हाला.

वहिनी : मला आपलीच पोरं बघायचीत.

भावोजी : बघा. आणि मग निघा. खरंच सांगतो, जा तुम्ही. अंडी मी उकडतो.

वहिनी : तुमची अंडी एकदा खाल्ली होती पंचांनी. दुसऱ्या दिवशी एकही निर्णय बरोबर दिला नाही.

भावोजी : चेष्टा पुरे. उद्या सकाळी पहिल्या ओव्हरलाच संपेल हे सगळं. एकच तर विकेट. तेवढ्यासाठी लेकीला निरोप द्यायचा राहील.

वहिनी : संपू दे. पण उपाशीपोटी संपायला नको.

भावोजी : न्याहारी वाढून निघालात तर विमानतळाच्या काचेबाहेरूनच हात हलवाल. तिला दिसेल की नाही, तेही सांगता येत नाही.

वहिनी : हलवीन. गाडीवाल्याला सांगा, सकाळी न्याहारी झाली की ये. आणि वरच्या फळीवरचा वाटाण्यांचा डबा काढा जरा, माझा हात पुरत नाही. आत्ताच भिजत घालते. पहाटे शिजवून ठेवून जाईन, तुम्ही नुसते गरम करून वाढा. दोन्ही संघांना पुरतील एवढे काढा.

भावोजी : वाटाणे? न्याहारीला?

वहिनी : दुपारच्या जेवणाला, भावोजी.