गॅरेजचा हिवाळी बंदोबस्त

आमच्या बाबांचा गाडीवर भारी जीव. आम्ही तेव्हा अंबरनाथला राहायचो, बाबा कारखान्यात अधिकारी होते. थंडीत गाडी सुरू व्हायला कुरकुर करायची, म्हणून एका वर्षी दिवाळीनंतर त्यांनी गॅरेजच्या फटी बुजवल्या, दाराला आतून गोणपाट ठोकलं. मदतीला त्यांच्या ऑफिसातले लालचंद होते. ते उल्हासनगरच्या सिंधी निर्वासितांच्या कॅम्पात, बराकीत राहायचे.

काम झाल्यावर लालचंद जरा वेळ आतच उभे राहिले. मग म्हणाले, "साहेब, इथं वारा लागतच नाही. बराकीत आमच्या अम्माचा खोकला काही थांबत नाही."

दुसऱ्याच दिवशी बाबांनी गाडी अंगणात काढली आणि अम्मांना गॅरेजमध्ये आणून ठेवलं.

हळूहळू खोकला कमी झाला. एका सकाळी बघतो तर काय, गाडीच्या बॉनेटवर अम्मांची रजई! बाबा धावतच गेले.

"अम्मा, ये क्या? आपने क्या ओढा?"

"अंदर कहाँ ठंड है, बेटा," अम्मा म्हणाल्या. "इसका घर तो मैंने ले लिया. बेचारी बाहर खडी थी."