म्हैस आडवी आली नव्हती

देवानंद: ग्लोव्हज काढ.

करिष्मा: आत्ताच तं घातले सर. पुष्पांजली कुठी गेली? रिंगमंदी तिचा टॉवेल दिसून राह्यला, ती नाही.

देवानंद: तिले मी घरी धाडलं. ग्लोव्हज काढ अन् इथी बाकड्यावर बस.

करिष्मा: घरी धाडलं? परवा अमरावतीले निवड चाचणी आहे सर! आज शेवटचं स्पॅरिंग. मी कोनासंग करू, भिंतीसंग?

देवानंद: स्पॅरिंग नाही करायचं तुले. मंगळवारी मी मोताळ्याले गेलो होतो, तवा तुम्ही दोघीईनं माह्या मागं स्पॅरिंग केलं. हेडगार्ड न घालता.

करिष्मा: तिनं सांगतलं वाटते.

देवानंद: रडत सांगतलं तिनं. तिचा उजवा हात तुह्या कानशिलावर बसला. तू गुडघ्यावर आली. उठली, अन् तिले इचारलं, आज कोन्ता वार आहे.

करिष्मा: मजाक केली होती.

देवानंद: दोनदा?

करिष्मा: ती घाबरट आहे सर. थोडंसं गरगरलं, पाणी पेली, झालं. तुम्हीच म्हणता ना, मार खाल्ल्याशिवाय बॉक्सर होत नाही म्हणून?

देवानंद: म्हणलो असन. चुकलो. काल काय खाल्लं?

करिष्मा: भाकर अन् वांगं.

देवानंद: पोटात राह्यलं?

करिष्मा: राह्यलं ना.

देवानंद: माह्या डोळ्यात पाहून सांग.

करिष्मा: दोनदा उलटी झाली. वांगं खराब असन.

देवानंद: घरात आणखी कोनाले झाली?

करिष्मा: नाही.

देवानंद: आज नऊले यायची तू, अकरा वाजता आली. बस उशिरा होती असं सांगू नोको. ड्रायव्हर माह्या ओळखीचा आहे, तो नऊलेच आला.

करिष्मा: मोताळ्याले गाडी बदलताना चुकली.

देवानंद: चार वर्षं झाले तू रोहिणखेडवरून नांदुऱ्याले येऊन राह्यली. अन् आज चुकली?

करिष्मा: पाटीवरचे अक्षरं हलून राह्यले होते. कोनीतरी चढलं, त्याच्या मागं मी बी चढली. राजूर घाट लागला तवा समजलं, का ही बुलढाण्याची गाडी आहे.

देवानंद: महिने उलटे म्हण.

करिष्मा: काय?

देवानंद: डिसेंबरपासून मागं म्हणत ये.

करिष्मा: डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर... सप्टेंबर... जुलै... नाही, थांबा. सप्टेंबर, जुलै, जून... तुम्ही असं टक लावून पाह्यता म्हणून होत नाही माह्याच्यानं!

देवानंद: बरं. राहू दे.

करिष्मा: राहू दे म्हणजे? सर, पुढच्या वर्षी मी युवा गटात बसत नाही. यंदा नाही तं मंग मोठ्या पोरीईत उभं राहा लागीन. चार वर्षं झाले, मी पाच वाजता उठते. परवाचा दिवस फक्त काढू द्या. मंग महिनाभर झोपून राहीन. शपथ.

देवानंद: मी सकाळीच अमरावतीले फोन केला. तुह्यं नाव काढलं.

करिष्मा: कोनाले इचारून?

देवानंद: कोनालेच नाही.

करिष्मा: माह्यं नाव! ते नाव माह्यं आहे सर, तुमचं नाही! माह्या मायनं कोनाच्या भरवशावर मले इथी धाडलं? लोकं म्हणत, पोरीले मारामारी काऊन शिकोतं वं जनकाबाई. ती सर्वेईले एकच सांगे, देवानंद आहे ना तिथी, तो गजूचा दोस्त आहे, मले काळजी नाही.

देवानंद: हाव. तसंच सांगे.

करिष्मा: गजूदादा धड असता ना, तं त्यानं तुम्हाले हे करूच देल्लं नसतं. त्या दिवशी तो गाडीवरून पडला नसता, तं आज माह्या कोपऱ्यात तुम्ही नाही, तो उभा असता.

देवानंद: तो गाडीवरून काऊन पडला, तुले माहीत आहे?

करिष्मा: सर्वेईले माहीत आहे. शेंबा गावाच्या पुढं म्हैस आडवी आली. तुम्ही गाडी चालोत होते, तो मागं बसला होता. तुम्हीच तं सांगतलं.

देवानंद: म्हैस नव्हती.

करिष्मा: मंग बैल असन.

देवानंद: काहीच नव्हतं करिष्मा. रस्ता मोकळा होता.

करिष्मा: मंग?

देवानंद: बस. उभ्यानं नोको ऐकू. ...आमची राज्य स्पर्धा बारा दिवसांवर होती. सोमवारी स्पॅरिंग करता करता माह्या हातचा एक त्याच्या कानामागं बसला. तो पडला नाही. हसला. पण दोन दिवस डोकं धरून होता. जेवण टाकून देई, एकच गोष्ट दोनदा इचारे. मी बी तवा एकवीस वर्षाचा होतो, मले वाटे हा भेला. गुरुवारी तो कपडे बदलून निघालाच होता. मी त्याले हात धरून रिंगमंदी ओढला.

करिष्मा: त्यानं काही म्हणलं नाही?

देवानंद: म्हणलं. थांब म्हणलं. मी ऐकलं नाही. मंग माह्याच हातचा बसला. जोरात बी नव्हता वं. तसे तं आम्ही रोज शंभर खात होतो. तो खाली बसला, उठला, आपल्या हातानं बुटाच्या लेस बांधल्या. चालत गाडीपर्यंत आला. मी म्हणलो, चाल, घरी सोडतो.

करिष्मा: घरी. दवाखान्यात नाही.

देवानंद: घरी. शेंबा मागं गेल्यावर त्यानं माह्या पाठीवर डोकं टेकोलं. मले वाटलं, थकला, झोपला. त्याची झोप मोडू नाही म्हणून मी गाडी हळू केली. खड्डे चुकोत चालोलो. तीन-चार किलोमीटर त्याचं डोकं माह्या पाठीवर होतं. अन् मंग ते वजन एकदम एका बाजूले गेलं.

करिष्मा: अन् तो पडला.

देवानंद: डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्त साकळलं. इचारलं, कसा पडला. मी म्हणलो, म्हैस आडवी आली. त्याईनं लिहून घेतलं. पोलीस आले, त्याईले बी तेच सांगतलं. मंग तुही माय आली. गाडीवरून पडला हे तं खरंच होतं ना. म्हैस तेवढी मी उभी केली.

करिष्मा: मी सात वर्षाची होती.

देवानंद: मालूम आहे.

करिष्मा: रस्त्यानं म्हैस दिसली का मी गोटे मारो. कोनाची बी असो. एकदा सिंधूताईच्या गाभण म्हशीले मारला, तं तिनं मले घरी येऊन झोडलं. माय तिले म्हणाली, जाऊ दे वं सिंधू, तिच्या मनात बसलं ते.

देवानंद: म्हशीचा काही गुन्हा नव्हता वं.

करिष्मा: म्हणून तुम्ही गाडी चालवत नाही? सर्वे हासतात, एवढा मोठा कोच अन् बसनं फिरते.

देवानंद: चालोली होती मंग सहा महिने. पण मागं कोनी नसलं तरी पाठीवर वजन येई. कपाळ टेकल्यासारखं, इथी, खांद्याच्या मधात. गरम. थांबून मागं पाहो तं सीट रिकामी. मंग सोडूनच देल्ली. आता बसमंदी बी मागं कोनी नसलेलीच सीट धरतो.

करिष्मा: आणि तरी तुम्ही मले शिकोलं.

देवानंद: तू त्याचे ग्लोव्हज काखेत धरून दारात आली. चौदा वर्षाची. तुले नाही म्हणलं असतं, तं काऊन नाही, ते सांगा लागलं असतं.

करिष्मा: एवढ्यासाठी?

देवानंद: एवढ्यासाठीच. मंग वाटलं, हिच्यावर नजर ठेवीन, हिले काही होऊ देणार नाही. अन् मंगळवारी मी मोताळ्याले होतो.

करिष्मा: माय दरसाल तुमच्यासाठी लोणच्याची बरणी धाडते.

देवानंद: नाही खाल्लं कधी. फेकवत बी नाही. घरात सर्व्या बरण्या तशाच आहेत.

करिष्मा: मले आता परत उलटी आल्यासारखं होऊन राह्यलं.

देवानंद: ये, बाहेर सावलीत ये. मी रिक्षा बोलावतो. बुलढाण्याले डोक्याचा फोटो काढू, डॉक्टरले दाखवू. अन् तिथून तुह्या घरी. तुह्या मायले सांगाचं आहे.

करिष्मा: मी सांगते तिले.

देवानंद: नाही. मीच सांगतो.

करिष्मा: आजच?

देवानंद: आजच. उद्या मी पुन्हा एखादी म्हैस उभी करन.

(त्याच दिवशी पाचच्या सुमारास. रोहिणखेड, जनकाबाईचं अंगण. लिंबाखाली खुर्चीत गजेंद्र बसलेला आहे.)

जनकाबाई: ये बाबू देवानंद. जयभीम. उभा काऊन? अन् करिष्मा, हे कसले कागद वं हातात? तोंड असं पांढरं काऊन पडलं तुह्यं?

करिष्मा: दवाखान्याचे आहेत. घाबरू नोको माय. मंगळवारी माह्या डोक्याले लागलं होतं, तुले सांगतलं नाही. फोटो काढला, रक्त साकळलं नाही म्हणाले. पण मेंदूले हादरा बसला. आता गुपचूप पडून राह्यचं, मोबाईल बी पाह्यचा नाही. उलटी झाली किंवा जास्त झोप येऊन राह्यली, तं लगेच परत आणा म्हणे. डॉक्टर हो म्हणत नाही तोवर रिंगमंदी जायचं नाही.

जनकाबाई: अवं माय! अन् अमरावती?

करिष्मा: सरईनं नाव काढलं.

जनकाबाई: बरं केलं रे बाप्पा. तू होता म्हणून. गजू, पाह्य बरं कोन आलं! देवानंद आला. ...त्याले समजते. मान हालोते पाह्य, तू आला का हालोते. बस, च्या ठेवते.

देवानंद: च्या नोको मावशी. अगोदर माह्यं ऐका. म्हैस आडवी आली नव्हती.

जनकाबाई: कोन्ती म्हैस?

देवानंद: गजू पडला तवाची.

जनकाबाई: हं.

देवानंद: तो पडायच्या अगोदरच त्याच्या डोक्याले लागलं होतं. रिंगमंदी. माह्या हातानं. सोमवारी एकदा, अन् गुरुवारी तो नाही म्हणत होता तरी मी ओढून नेलं, तवा पुन्हा. तो गाडीवर बसल्या बसल्या बेशुद्ध झाला, म्हणून पडला. मी दवाखान्यात नेलं नाही. अन् तुमच्याशी खोटं बोललो.

जनकाबाई: म्हैस नव्हती.

करिष्मा: माय.

जनकाबाई: अकरा वर्षं झाले ना रे?

देवानंद: येत्या उन्हाळ्यात बारा होतील.

जनकाबाई: दर महिन्याले येऊन तू त्याची दाढी करून देते. त्याची हनुवटी धरून. तवा बी हे तुह्या पोटात होतं?

देवानंद: हाव. दरवेळी वाटे, आज सांगीन. तुम्ही पाण्याचा तांब्या पुढं करा, अन् मी पाणी पिऊन निघून जाओ.

करिष्मा: माय, शिव्या दे त्याईले. हाकलून दे. काहीतरी बोल!

जनकाबाई: थांब वं पोरी, मले समजू तं दे. ...मी त्या म्हशीच्या मालकाले शोधत फिरली होती देवानंद. शेंब्यात घरोघरी. एक म्हातारा रडकुंडीले आला, म्हणे बाई, माह्या म्हशी तं त्या दिवशी बांधूनच होत्या. मी त्याले खोटा म्हणली.

देवानंद: मले हे माहीत नव्हतं.

जनकाबाई: कसं माहीत असन. तुह्यं काय करू, ते मी मंग पाहीन. आज सुचत नाही मले काही.

देवानंद: तुम्ही म्हणाल ते, मावशी. पोलिसात चाला म्हणाल, तं चालतो.

जनकाबाई: तू आता म्हणाला, तो नाही म्हणत होता.

देवानंद: हाव.

जनकाबाई: त्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी होती. 'येतो' म्हणाला, तं मी मान वर करून पाह्यलं बी नाही. तवापासून त्याच्या तोंडून 'पाणी' अन् 'नोको', दुसरं काही नाही. ...काय म्हणाला तो तुले?

देवानंद: म्हणाला, थांब.

जनकाबाई: असं नाही. त्याच्या तोंडचं सांग. जसा बोलला तसं.

देवानंद: पहिल्यांदा म्हणाला, 'देव्या, थांब बे जरासा. डोस्क्यात भुंगा शिरला माह्या.'

जनकाबाई: अन् मंग?

देवानंद: मी नाही थांबलो. मंग म्हणाला, 'तू तं आयकतच नाही राजा. घे, एवढा राऊंड करून टाक, मंग घरी सोड मले. आज लय भूक लागली.'

जनकाबाई: राजा म्हणाला?

देवानंद: हाव. हसून.

जनकाबाई: इथी ये. त्याच्याजवळ बस, अन् पुन्हा एकदा सांग. हळू सांग.