ऑपरेशनच्या आधीची सुई

आमच्या अक्काच्या गुडघ्याचं काय झालं ते ऐका, आणि मग मला तापट म्हणा. जालन्याला गुडघा बदलायची तारीख ठरलेली. भरती करायला गेलो, तर सर्जननं विचारलं, "एवढ्यात गुडघ्यात इंजेक्शन घेतलं का?"

अक्का ऐटीत म्हणाली, "हाव, पंधरा दिवस झाले. भाचीच्या हळदीले खाली बसायचं होतं ना!"

सर्जननं फाईल मिटली. "आता तीन महिने थांबा. त्या औषधानं जंतुसंसर्गाची भीती वाढते. नव्या सांध्यात पू झाला, तर तो काढून पुन्हा ऑपरेशन करावं लागेल."

अक्का रडायलाच लागली. "गावच्या डॉक्टरले म्या सांगतलं होतं रे, ऑपरेशन हाय म्हणून. तो म्हने, मंग तर घ्याच, गुडघा नरम पडते."

गुडघा नरम पडते! जणू तुरीची डाळच शिजत घातली होती. मी तडक त्याचा दवाखाना गाठला. मी पेपरात लिहितो; पत्रकार आला म्हणून डॉक्टरांनी आतून चहा मागवला. चहा घेऊन त्यांची आई तुरुतुरु चालत आली.

"दोन्ही गुडघे बदललेत," डॉक्टर कौतुकानं म्हणाले.

"वा! आधी सुया किती दिल्या होत्या?"

"छे हो!" माझ्या अडाणीपणाची कीव करत ते म्हणाले, "ऑपरेशन ठरल्यावर सुई देत नसतात, साहेब. धोका असतो."