गाड्यावरचा दुसरा डबा

पुरवणी जबाब. मंगळवार, १५ ऑक्टोबर, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे. शेरीफ कार्यालय, टॅमरॅक बेंड, मोंटाना.

माझे नाव इंग्रिड ऑरिन थॉर्सगार्ड, वय ४६ वर्षे, धंदा नोकरी (जमीन मोजणी कार्यालयात नकाशांची देखभाल), राहणार ७ क्वारी लेन, टॅमरॅक बेंड.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे वडील ऑरिन थॉर्सगार्ड, वय ७६, असे दोघे राहतो. शनिवारी, १२ तारखेला, आमचे शेजारी वेंडेल ओस्टबी यांच्या हातात रायफल फुटली. त्यातले काडतूस वडिलांनी आमच्या गॅरेजमध्ये भरलेले होते. त्याच दुपारी दिलेल्या जबाबात मी "बाबा हल्ली विसरतात" असे म्हटले होते. माझा भाऊ कर्मिट याने वडिलांचा ताबा मिळावा म्हणून अर्ज केला आहे. त्याची सुनावणी परवा, गुरुवारी आहे आणि माझे ते वाक्य न्यायाधीशांपुढे जाणार आहे. अर्ज मंजूर झाला तर तो वडिलांना स्पोकेनच्या वृद्धाश्रमात नेणार आहे. ते वाक्य मी मागे घेते. चूक कदाचित माझ्या हातून झाली आहे.

वडील एक्केचाळीस वर्षे स्वतःची काडतुसे स्वतः भरतात. उडवलेल्या पितळी पुंगळ्या साफ करायच्या, ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, मापयंत्राने मोजून बारूद घालायची, वर प्रेसने गोळी दाबायची, असे ते काम आहे. या भागात घरोघरी चालते. माझ्याकडे राहायला येण्यापूर्वी, त्यांच्या जुन्या घरी त्यांचे टेबल तळघरात होते आणि बारूद मागच्या खोपटात. खोपटातून ते एका वेळी एकच डबा आणत. तो डबा टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात, लेबल स्वतःकडे करून ठेवत आणि काम संपेपर्यंत हलवत नसत. मापयंत्रात काय आहे ते तो डबा सांगतो, असा त्यांचा नियम होता.

माझे गॅरेज एका गाडीचे आहे. गाडी आत घेतल्यावर भिंतीलगत सव्वीस इंच उरतात. म्हणून ऑगस्टमध्ये मी त्यांच्यासाठी बावीस इंच रुंदीचा चाकांचा गाडा बनवला. वर प्लायवूडचे दोन थर, त्यावर आरपार बोल्टने कसलेला प्रेस, चार चाकांपैकी दोनांना ब्रेक, दांडा दाबताना गाडा उलटू नये म्हणून तळाशी वाळूच्या दोन पिशव्या. मध्ये कुलपाचे कपाट. गाडी बाहेर काढायची, गाडा दाराच्या उजेडात ओढायचा, काम झाले की परत भिंतीला लावायचा. मला या कामाचा अभिमान वाटत होता. तो वाटायला हवा होता का, हे मी आता सांगू शकत नाही.

कपाटात रायफलच्या व पिस्तुलाच्या बारुदीचे असे दोन डबे मावतील अशी जागा मीच ठेवली. वडील म्हणाले होते, "इंग्रिड, बारूद या गाड्यावर नको गं. दुसरीकडे कुठेही ठेव." मी म्हणाले, "बाबा, दुसरीकडे कुठे? न्हाणीघरात?" ते हसले. वेंडेल गाडा बघायला आले तेव्हा म्हणाले, "ऑरिन, लेका, पोरीने तुझं दुकान चाकांवर चढवलंय. उद्या तुला बसवून गावभर फिरवेल बघ." वडील म्हणाले, "फिरवू दे. तुझ्या ट्रॅक्टरपेक्षा बरा चालतो."

मंगळवारी, ८ तारखेला, दुपारी दोनच्या सुमारास वडील वेंडेलसाठी रायफलची काडतुसे भरत होते. वेंडेल त्याच रायफलने दरवर्षी एक एल्क हरीण मारतात आणि मांस निम्मे आमच्याकडे येते. चार वाजता वडिलांची दवाखान्यात स्मरणशक्तीची तपासणी होती. ती मी ठरवली होती. कर्मिट फोनवर रोज विचारत असे, म्हणून ठरवली. वडिलांची ठरवण्याला संमती नव्हती, येण्याला होती.

तीन वाजता गारा सुरू झाल्या. वडील म्हणाले, "थांब, मापयंत्र रिकामं करतो." मी म्हणाले, "बाबा, उशीर होतोय. मी बघते, तुम्ही कोट घाला." ते जाताना म्हणाले, "डबा आहे तिथेच राहू दे हं." मी हो म्हणाले. गाडा आत ढकलताना उंबऱ्याच्या कडेवर पुढचे चाक अडकले आणि डबा घसरला. तो पडू नये म्हणून मी तो खालच्या कपाटात, दुसऱ्या डब्याशेजारी ठेवला. मापयंत्र रिकामे केले नाही.

दवाखान्यात त्यांना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. दहा मिनिटांनी त्यांना दोनच आठवले. परत येताना पुलाजवळ ते आपणहून म्हणाले, "कुदळ, लिंबू, खिडकी. खिडकी सुटली होती." मी गाडी चालवत होते.

सहा वाजता घरी आल्यावर मला त्यांचे सांगणे आठवले. कपाट उघडून पुढचा डबा मी डाव्या कोपऱ्यात ठेवला. दोन्ही डबे एकाच कंपनीचे, एकाच आकाराचे व रंगाचे आहेत. फरक फक्त लेबलवरच्या आकड्यात आहे. आकडा मी वाचला नाही. मी रोजनिशी लिहिते. त्या दिवसाच्या पानावर माझ्या अक्षरात आहे: "बाबांचा डबा जागेवर ठेवला. तेवढं तरी त्यांच्या मनासारखं झालं. बरं वाटलं." ते पान मी हजर केले आहे.

बुधवारी सकाळी वडिलांनी उरलेले काम पूर्ण केले. मापयंत्रातली बारूद संपत आली तेव्हा त्यांनी कोपऱ्यातल्या डब्यातून भर घातली. ती पिस्तुलाची, झपाट्याने जळणारी बारूद होती. दोन्हींचे दाणे बारीक व काळपट असतात, गॅरेजच्या दिव्यात फरक दिसत नाही. त्यांनी लेबल वाचायला हवे होते असे कोणी म्हणेल. मीही म्हणून पाहिले. वीसपैकी आठ काडतुसे नीट उडाली, नववे फुटले. वेंडेल यांची दोन बोटे गेली आहेत आणि उजवा डोळा राहील की नाही हे डॉक्टर अजून सांगत नाहीत.

शनिवारी वडिलांनी याच कार्यालयात "चूक माझी, मी विसरलो" असे लिहून दिले. कर्मिट मला म्हणाला, "ताई, ते स्वतःच कबूल करतायत. आता आणखी काय पाहिजे तुला?" शनिवार ते सोमवार मी कोणाला काही सांगितले नाही. रविवारी दोनदा गाडी घेऊन या कार्यालयापर्यंत आले आणि परत गेले. घरी गाडा भिंतीपासून ओढून पुन्हा भिंतीला लावत राहिले. का, ते माहीत नाही. रोजनिशीचे ते पान सोमवारी संध्याकाळी वाचले.

काल रात्री जेवताना मी वडिलांना विचारले, "बाबा, बुधवारी डब्याकडे बघून तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

ते म्हणाले, "वाटलं ना. लेबल भिंतीकडे होतं."

"मग?"

"मी असं कधी ठेवत नाही. मिनिटभर उभा राहिलो तिथे. मग म्हटलं, कालच तर पोरगी आपल्याला डॉक्टरकडे घेऊन गेली होती. आपणच ठेवलं असेल नि विसरलो असू."

मी म्हणाले, "ते मी ठेवलं होतं."

ते ताटातला उकडलेला बटाटा सोलत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी विसरलो नव्हतो." आणि थोड्या वेळाने, "वेंडेलला सांगायला हवं. त्याला मी आधी सांगतो, मग तू ये."

गाड्याचे कुलूप व किल्ली सोबत जमा करत आहे. हा जबाब गुरुवारच्या सुनावणीत पहिल्या जबाबाबरोबर ठेवावा, अशी विनंती आहे.

जबाब लिहून घेणाऱ्या डेप्युटी शेरीफनी वरील सर्व मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. सुरुवातीला, चूक माझ्या हातून झाली या वाक्यात, "कदाचित" हा शब्द आहे. तो मीच सांगितला होता. तो माझ्यासमोर खोडून घेतला व शेजारी सही केली. बाकी मी सांगितले तसेच लिहिले आहे.