कोऱ्या चहाचं घर

...आणि वर मलाच विचारतात, "कोण गेलं?" अहो, कोण जाणार? सगळे जिवंत आहेत, धडधाकट आहेत, आत टीव्ही बोंबलतोय, कुकरच्या शिट्ट्या होतायत, आणि हा समोर बसलेला माणूस, चांगला पंचायत समितीचा माजी सदस्य, हातातल्या कपात डोकावतो, त्याचा चेहरा पडतो, टोपी काढून मांडीवर ठेवतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "अरेरे... कधी झालं?" काय कधी झालं? "नाय, चहा कोरा हाय म्हणून इचारलं."

तुम्हाला सांगतो, आमच्या शहापूर-मुरबाडकडे कोरा चहा दोनच घरांत मिळतो. एक, ज्या घरात मयत झालंय. तिथं चूल पेटत नाही, शेजारचे किटली भरून आणतात, आणि तो कोराच असतो. दुसरं, ज्या घरात दुधाची ऐपत नाही. आता मी तालुक्याचा जुना वार्ताहर, स्लॅबचं घर, दारात मोटारसायकल, मुलगा अजय कंपनीत पर्मनंट. म्हणजे ऐपत नाही असं म्हणता येत नाही. मग उरलं काय? मयत! असं रोज कुणी ना कुणी येतो, घोट घेतो आणि आमच्या घरातला एक माणूस मारून जातो.

कारण काय, तर आमची चिमी. अजयची मुलगी, माझी नात, एवढीशी आहे. तिला दूध चालत नाही. चालत नाही म्हणजे पोट बिघडतं, जुलाब होतात, असलं काही नाही. मुरबाडला लग्नाला गेलो होतो, तिथं कुण्या मावशीनं कौतुकानं बोटभर श्रीखंड चाटवलं. बोटभर हो! पंगत उठायच्या आत पोरीचे ओठ सुजले, डोळे मिटले, श्वास असा वाजायला लागला की जणू करवत चाललीय. दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं तेव्हा वाचली. मग ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, घरात दूध ठेवूच नका. दही नको, ताक नको, तूप नको. कुणाच्या हाताला नको, तोंडाला नको. थेंबसुद्धा नको.

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरातून गाय, म्हैस आणि बकरी या तिघी हद्दपार झाल्या.

आता मी म्हणजे कोण? वाळूच्या ट्रकसमोर आडवा झालेला माणूस. पुढाऱ्याच्या तोंडावर त्याच्याच भाषणाचं कात्रण वाचून दाखवलेला माणूस. आयुष्यात कुणाला लोणी लावलं नाही, आता लावायचं म्हटलं तरी घरात नाही. मी म्हटलं, हे काय, आपण निभावून नेऊ. पण भाषाच आडवी यायला लागली! बातमी लिहायला बसावं तर दुधात साखर पडते. उमेदवार ताकाला जाऊन भांडं लपवतो. दुधानं तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात. आम्ही काय फुंकायचं? अख्खी मराठी नुसती दुधातुपात लडबडलेली, आणि मी बसलोय नारळाच्या दुधात पोळी बुडवून.

आणि ती बिस्किटं! साधं बिस्किट हो, गरिबाचं बिस्किट, त्यातसुद्धा दूध पावडर! पुड्याच्या मागं मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेलं असतं. भिंग घेऊन वाचतो. एवढ्या वर्षांत मंत्र्याचं पत्रक कधी इतकं नीट वाचलं नव्हतं. बायकोनं, रत्नानं, एकदा सोयाबीनचं दूध आणून चहा केला. मी एक घोट घेतला. ती म्हणाली, "कसा झालाय?" मी म्हटलं, "रत्ना, पावसात भिजलेला पुठ्ठा कधी खाल्लायस?" तेव्हापासून कोरा. आलं घाला, गवती चहा घाला, पण कोरा.

बरं, लोकांना सांगावं खरं कारण, तर ते आणखी वाईट. "म्हशीचं जड पडत असंल, गायीचं द्या." गायीचं नाही चालत. "मंग बकरीचं! गांधीजी प्यायचे!" बकरीचंही नाही. "अवो, थेंबानं काय व्हतंय? सवय लागंल पोरीला." सवय? मरायची सवय कशी लावतात हो?

त्यात ठाण्याच्या ऑफिसातून पुरवणी बघणाऱ्या मुलीचा फोन. "दादा, तुमची अख्खी फॅमिली व्हेगन झाली म्हणे! सो इन्स्पायरिंग! ग्रामीण भागातलं पहिलं व्हेगन कुटुंब, आपण फोटो फीचर करू या ना!" मी म्हटलं, पहिलं? अगं बाई, एसटीनं डोळखांबला जा, तिथून वर पाड्यांवर चढ, घरंच्या घरं व्हेगन सापडतील. आणि माझी आई तर पन्नाशीपर्यंत व्हेगन होती, फक्त तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती आपली त्याला गरिबी म्हणायची!

हां... आई. आता निघालंच आहे तर सांगतो.

माझी आई, गोदी. आमची वस्ती गावाच्या कडेला. स्वतःची जमीन नाही, दुसऱ्याच्या भातात वाकून तिची कंबर वाकलेली. लहानपणी आम्ही चहा प्यायलो तो कोरा, गुळाचा. गावात कधी आजारपणाला दूध मागायला गेलं तर देणारा हातभर उंचीवरून ओतायचा, त्याचं माप आमच्या भांड्याला लागू नये म्हणून. अर्धं भांड्यात, अर्धं मातीत. पुढं मी कॉलेज शिकलो, पेपरात लागलो आणि पहिलं काय केलं असेल तर घरी दुधाचा रतीब लावला. दूधवाला जगन. पहिल्या सकाळी तो आला, आईनं पातेलं पुढं केलं, आणि त्याच्या मापाची कड पातेल्याला लागली. टण्! आई तशीच उभी. शेजारच्या पारूला हाक मारली, "पारू, ऐकलंस गो? लागलं!" जगनला कळेचना काय लागलं. त्याला वाटलं, म्हातारीच्या बोटाला लागलं!

तेव्हापासून रोज सकाळी आईचा दुधाचा चहा. साय वर धरलेला, बशीत ओतून, ओट्यावर बसून, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असा. ती चहा पीत नव्हती हो, ती गावाला दाखवत होती.

आणि तो रतीब मी बंद केला.

आईनं कोऱ्या चहाची बशी हातात घेतली, आत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "कोण गेलं रे संजू?" मी म्हटलं, आई, तू तरी नको गं! तर म्हणते, "कोऱ्यातून वर आले मी. मरताना परत कोऱ्यातच घातलंस ना रे?"

मी, ज्यानं भरसभेत पुढाऱ्यांची बोलती बंद केलीय, मी उठून बाहेर गेलो आणि मोटारसायकल पुसत बसलो.

आई चिमीला जपायची, नाही असं नाही. पोर तर तिच्याच कुशीत. दिवसभर पणजीच्या गालाला गाल लावून बसायची. पण एका दुपारी पारूला म्हातारीची दया आली. पदराखाली लपवून अर्धा कप आणला, चांगला आटीव दुधाचा. "पी गो गोदी, थेंबानं काय व्हतंय?" आई प्यायली. पदरानं तोंड पुसलं. आणि चिमी झोपेतून उठून आली ती सरळ गळ्यात पडली. आईनं तिच्या तोंडाचा मुका घेतला.

मुका हो. एक मुका.

अजय तिला मोटारसायकलवर पुढ्यात घेऊन दवाखान्यात सुटला, सून जयश्री मागं बसलेली, पोरीचं तोंड निळं पडलेलं. मी रिक्षानं मागून. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी काय बडबडत होतो मला आठवत नाही, पण तिथल्या शिपायानं मला हाताला धरून बाकावर बसवलं आणि चहा आणून दिला. दुधाचा! मी तो कप असा काही भिरकावला की आजही मला बघितलं की तो शिपाई जिना चढून वर जातो.

चिमी वाचली. संध्याकाळी आम्ही तिला घेऊन घरी आलो, तर आई अंगणात तोंडाला पदर बांधून बसलेली. अजय रागात होता, म्हणाला, "आजी, मारली असतीस आज पोरीला." जयश्री म्हणाली, "अहो, गप बसा." आई दोन्ही हातांनी पदर घट्ट धरून बसली, जणू तोंड उघडलं तर त्यातून साप निघेल.

तो पदर मग सुटेचना. चिमी जवळ आली की ही तोंड फिरवायची. पोर विचारायची, "पणजी, तू रुसलीस का गं?" मला ते बघवेना. एक दिवस मी म्हटलं, आई, चल. गाडीवर बस, तुला स्टँडवर नेतो, टपरीवर दुधाचा चहा पाजतो, तिथंच चूळ भर, लुगडं बदल, हवं तर दुसऱ्या दिवशी घरी येऊ. डान्स बारला निघाल्यासारखा सगळा बेत केला! आई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. आणि म्हणाली, "नको रे. चहा पिला तर मुका नाय. अन् मला मुका पायजे."

त्या दिवशी पदर सोडला. पुन्हा म्हणून दुधाचं नाव नाही. सकाळी उठून स्वतःच कोरा मागायची, प्यायची आणि चिमीला गाल पुढं करायची. कुणी ओट्यावरून विचारलं, "गोदीबाय, कोरा? कोण गेलं?" तर म्हणायची, "मीच चाललेय, बस."

आणि गेली. भाताची कापणी चालू असताना गेली, सकाळची, चहा पिऊन. कोरा.

आता ऐका. पोचवून आलो, अंगणात माणसं बसली, आणि पारू आली किटली घेऊन. ओतायला लागली. मी बघतो तर काय... दुधाचा! जन्मभर मयताच्या घरी कोरा चहा नेणारी ही बाई, आणि आज, माझ्या घरी, दुधाचा! आत चिमी! मी उठलो तो ओरडतच उठलो. "कुणी आणला हा? कुणाला मारायचंय अजून?" पारूनं किटली खाली ठेवली. म्हणाली, "संजू, तिला तेव्हा चोरून पाजला, अन् ते केवढ्याला पडलं. आज तिच्या नावानं उघड आणला रे. हितं नाय पीत. आमी रस्त्यावर जाऊन पितो. चुळा भरून येतो."

आणि तुम्हाला सांगतो, ती सगळी माणसं उठली. म्हातारेकोतारे, भातातनं विळा टाकून आलेल्या बाया, सगळे अंगण ओलांडून पलीकडं रस्त्यावर जाऊन उभे राहिले, कागदी कपातून चहा प्यायला लागले. एक बाई तर बशी घेऊन आली होती, आईसारखी. पारूनं माझ्याही हातात कप दिला. मी धरून उभा. वर साय आली. दारातून चिमीनं हाक मारली, "आजोबा, मला उचलून घ्या ना!" म्हटलं, येतो गं. कप तसाच, न पिता, रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर ठेवला.

तेवढ्यात किन्हवलीकडून एसटी आली आणि त्यातून उतरला विठू, माझा मामेभाऊ. आईच्या माहेरचा. त्याला फोनवर नुसतं कळलेलं, "आत्याकडं ये." त्यानं बघितलं, रस्त्यावर एवढी माणसं, सगळ्यांच्या हातात दुधाचा चहा, वाफा निघतायत. चेहरा खुलला त्याचा! जवळ आला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणतो, "काय रे संजू, बारसं कुणाचं?"

इतके दिवस कुणी गेलेलं नसताना सगळा तालुका विचारत होता, कोण गेलं, कोण गेलं. आणि ज्या दिवशी खरंच गेली, त्या दिवशी हा विचारतो बारसं कुणाचं!

भांडायचं होतं हो मला. तोंडापर्यंत आलं होतं.

मग कठड्यावरचा कप उचलला, त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "गोदीचं. घे, दुधाचा आहे. पण आत येण्याआधी चूळ भर."